धडधाकट मुलाच्या पोटात अचानक पू: प्रायमरी पेरिटोनायटिसबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक विचारतात ते प्रश्न

काल संध्याकाळपर्यंत अंगणात खेळणारं पोर आज आयसीयूत आणि डॉक्टर म्हणतात, "पोटात पू झालाय, पण कशामुळे झाला ते सापडत नाही." हे ऐकल्यावर आईबापांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आपल्या मुलाची औषधं आणि डोस मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

प्रायमरी पेरिटोनायटिस म्हणजे नेमकं काय?

पोटातल्या आतड्यांवर आणि पोटाच्या भिंतीच्या आतून एक पातळ, गुळगुळीत पडदा असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. या पडद्याला जंतुसंसर्ग होऊन सूज आली, पोटात पाणी किंवा पू साठला, की तो पेरिटोनायटिस. बहुतेक वेळा याचं कारण पोटातच सापडतं: अपेंडिक्स फुटलेलं असतं, टायफॉईडने आतड्याला भोक पडलेलं असतं, कधी आतड्याला पीळ बसलेला असतो. तो झाला सेकंडरी पेरिटोनायटिस. प्रायमरीमध्ये आतडं शाबूत, अपेंडिक्स शाबूत, कुठेही भोक नाही, तरी पडद्याला संसर्ग झालेला असतो.

हा मूत्रपिंडाच्या किंवा लिव्हरच्या आजाराच्या मुलांना होतो असं वाचलं. आमचं पोर तर कधी आजारी पडत नाही!

वाचलं ते खरं आहे. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज येते तो आजार, किंवा लिव्हर खराब झाल्याने पोटात पाणी साठलेलं असेल, तर त्या पाण्यात जंतू सहज वाढतात. पण कुठलाही जुना आजार नसलेल्या मुलांनाही हा कधी कधी होतो.

जंतू येतात कुठून? एक वाट रक्ताची. घशाचा, कानाचा किंवा छातीचा संसर्ग झालेला असतो, तो बराही होत आलेला असतो, आणि तिथले जंतू रक्तातून पोटाच्या पडद्यावर येऊन बसतात. दुसरी वाट आतड्याची: भोक न पडताही काही जंतू आतड्याच्या भिंतीतून बाहेर झिरपतात. तिसरी वाट फक्त मुलींमध्ये असते, ती पुढच्या प्रश्नात. प्रत्यक्ष रुग्णात यातली कोणती वाट होती हे पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही. डॉक्टर "कारण सापडलं नाही" म्हणाले म्हणजे काही लपवताहेत असं नव्हे.

धडधाकट मुलांत नेहमी सापडणारे जंतू दोन: न्यूमोकोकस आणि ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. न्यूमोकोकस न्यूमोनिया करणारा, ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस घसा सुजवणारा. कधी ई. कोलायसारखे आतड्यातले जंतूही निघतात. घसा दुखून गेल्यावर चार-आठ दिवसांनी पोट दुखायला लागलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा.

मुलींनाच जास्त होतो म्हणतात. आमची मुलगी सात वर्षांची आहे. काही भलतंसलतं तर नसेल?

हा प्रश्न आया दाराआड, हळू आवाजात विचारतात, म्हणून मी इथे मोठ्याने उत्तर देतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलींमध्ये हा आजार मुलांपेक्षा जास्त दिसतो. योनीमार्गातून गर्भाशय आणि बीजनलिका अशी उघडी वाट थेट पोटाच्या पोकळीपर्यंत जाते, आणि जंतू त्या वाटेने वर चढत असावेत असं मानतात. वयात आलेल्या मुलींच्या योनीमार्गात आम्लता असते, त्यामुळे जंतूंना थोडा अटकाव होतो. लहान मुलींत ती नसते. ही शरीराची रचना आहे. त्यात मुलीचा दोष नाही, आईने स्वच्छतेत हयगय केली असंही नाही, आणि केवळ या आजारावरून कुणी मुलीशी वाईट वागलं असा निष्कर्षही निघत नाही. स्राव जात असेल, आत काही घातल्याचा संशय असेल किंवा मुलगी स्वतः काही सांगत असेल, तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. लाजायचं नाही.

किती मुलांना होतो?

कमी. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात मुलांच्या पोटाच्या तातडीच्या आजारांत याचा वाटा सुमारे १० टक्के असे, आता तो १ ते २ टक्क्यांवर आला आहे. म्हणून दुखणाऱ्या प्रत्येक पोटाला घाबरायचं कारण नाही.

घरी कसं ओळखायचं? पोट तर पोरांचं रोजच दुखतं.

शाळा बुडवायला दुखणारं पोट आणि हे पोट यांत फरक आहे, आणि बहुतेक आयांना तो पोराच्या पडून राहण्यावरूनच कळतो. साध्या कळेने पोर लोळतं, गडबडा लोळतं, मधेच उठून खेळतं. पडदा सुजलेलं पोर हलत नाही. गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर पडून राहतं, खोकायलाही घाबरतं, कुणी खाटेला धक्का दिला तरी ओरडतं. उभं केलं तर वाकून, पोटावर हात धरून चालतं. उडी मार म्हटलं तर मारत नाही. श्वास घेताना पोट हलू नये म्हणून छातीतूनच भराभर, उथळ श्वास घेतं.

शिवाय ताप असतो, बऱ्याचदा १०२ च्या वर. उलट्या होतात. जुलाबही होतात, आणि तिथेच फसायला होतं: "जुलाब आहेत म्हणजे काहीतरी बाधलं असेल" असं म्हणून एक दिवस जातो. हा आजार एका दिवसात वाढतो, त्यामुळे तो दिवस महाग पडतो.

गाडी खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर गेली की पोर कळवळतं का, हेही बघा. ब्रिटनमध्ये २०१२ साली अपेंडिक्सचा संशय असलेल्या मोठ्या माणसांना नेमकं हेच विचारलं होतं. अपेंडिक्स निघालेल्या ३४ पैकी ३३ जणांना स्पीडब्रेकरवर दुखणं वाढलं होतं. तो अभ्यास मुलांचा नव्हता आणि या आजाराचाही नव्हता, पण पडदा सुजला की धक्का लागतो हे तत्त्व तेच. जांबोटीहून खानापूरला येताना या परीक्षेला वेगळं काही करावं लागत नाही, रस्ता ती घेतोच.

यातलं काही दिसलं तर वाट बघत बसू नका: पोट फळीसारखं कडक किंवा फुगलेलं, हिरवी उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, हातपाय गार, पोर गुंगीत किंवा ओळख दिल्यासारखं करत नाही.

आज्जी म्हणते बेंबी सरकलीय, पोट चोळून देते.

आज्जीला दुखवू नका, पण पोट चोळू देऊ नका. "पोट दुखालंय म्हणून रडालंय" एवढ्यावर हिंग बेंबीला लावलं तर बिघडत काही नाही. एरंडेल पाजणं, पोट दाबून चोळणं आणि गरम विटेचा शेक मात्र नको. आत अपेंडिक्स सुजलेलं असेल तर एरंडेलाने आणि चोळण्याने ते फुटू शकतं, आणि बाहेरून बघून ते प्रायमरी आहे की अपेंडिक्स हे आज्जीलाच काय, सर्जनलाही सांगता येत नाही.

ताप उतरायला आणि दुखणं थांबायला काय द्यावं?

पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबाने: एका किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. दुखणं कमी केलं तर डॉक्टरला रोग कळणार नाही ही जुनी भीती आहे, ती आता कुणी धरत नाही. आयब्युप्रोफेन नको. पोर उलट्यांनी कोरडं पडलेलं असतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि पावसाळ्यात डेंगीची शंका असतेच.

माझा खरा राग मेडिकलच्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अँटिबायोटिकवर आहे. सेफिक्झिमचे दोन डोस पोटात गेले की आजार बरा होत नाही, फक्त झाकला जातो, आणि नंतर कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू उगवत नाही. गावात सुई मारणाऱ्याने ताप उतरवायला डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन दिलं असेल तर आणखी पंचाईत: पोर तासाभरात टवटवीत दिसतं, पोट मऊ लागतं, आणि आत संसर्ग वाढतच असतो. असं काही दिलं असेल तर दवाखान्यात रिकामी स्ट्रिप, बाटली, जे असेल ते दाखवा. कुणी ओरडेल म्हणून लपवू नका.

कुठे न्यायचं? बेळगाव, कोल्हापूर की मिरज?

जिथे मुलांचे डॉक्टर, सर्जन, भूल देणारे आणि रात्री चालू असलेली सोनोग्राफी हे चारही आहेत, त्यांतलं सगळ्यांत जवळचं. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगलकडच्यांना बेळगाव सोयीचं: जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथे सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. कागवाड-अथणीकडचे लोक पिढ्यान्पिढ्या मिरजेला जातातच. सीमा कुठली, कुठल्या राज्यात, हे त्या रात्री बघू नका. १०८ दोन्ही राज्यांत चालतो. निघण्याआधी फोन करून मुलांचा सर्जन आहे का एवढं विचारलं तर एका दवाखान्यातून दुसऱ्यात अशी फरफट वाचते.

वाटेत काही खायला-प्यायला द्यावं का?

खायला नाही. भूल द्यावी लागली तर जेवण आणि दूध सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद असावं लागतं. ओठ ओले करायला घोटभर पाणी चालेल. शेवटचं काय आणि किती वाजता पोटात गेलं ते लक्षात ठेवा, भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न तोच विचारतात. बिस्किट दिलं असेल तर दिलं म्हणा.

एवढ्या तपासण्या कशाला?

रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं प्रथिन) वाढलेले दिसतात, पण त्यावरून फक्त मोठा संसर्ग आहे एवढंच कळतं. पोटाच्या उभ्या एक्स-रेत पडद्याखाली, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूखाली, मोकळी हवा दिसली तर आतडं फुटलंय हे जवळपास नक्की. छातीचाही एक्स-रे काढतात, कारण फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया मुलांमध्ये पोटदुखीचं सोंग घेऊन येतो. सोनोग्राफीत पाणी दिसतं, अपेंडिक्स सुजलंय का तेही कधी दिसतं, कधी गॅसमुळे दिसत नाही.

लघवीची तपासणी टाळू नका. नेफ्रोटिक सिंड्रोम काही मुलांत पहिल्यांदा उघड होतो तो याच आजाराने. लघवीत प्रथिनं भरपूर निघाली तर "आमचं पोर धडधाकट" ही कहाणीच बदलते.

खरा निकाल पोटातल्या पाण्यात असतो. सोनोग्राफी बघत, त्वचा बधिर करून, बेंबीच्या खाली किंवा बाजूला बारीक सुई आत जाते. सिरिंजमध्ये येतं ते कधी गढूळ पिवळं पाणी, कधी दाट पू. त्याचा एक भाग तिथल्या तिथे, पोराच्या खाटेपाशीच, ब्लड कल्चरच्या बाटलीत घालतात. साध्या टेस्टट्यूबमध्ये लॅबला पाठवून मग कल्चर लावलं तर जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. दुसऱ्या भागात पेशी मोजतात: दर घनमिलीमीटरला २५० पेक्षा जास्त न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) म्हणजे संसर्ग धरतात. स्लाइडवर एकाच जातीचा जंतू दिसला तर प्रायमरीकडे कल, पाच-सहा जाती मिसळलेल्या दिसल्या तर आतडं कुठेतरी फाटलंय. एवढ्या एका स्लाइडवर ऑपरेशन करायचं की नाही हे ठरू शकतं.

पण धडधाकट मुलात सुई घालून बघण्याची वेळच बऱ्याचदा येत नाही. का, ते पुढे.

पोट उघडलं, अपेंडिक्स चांगलं निघालं. मग ऑपरेशन केलंच का? आम्हाला फसवलं का?

सगळ्यांत जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. वॉर्डाबाहेर मामा, काका, गावचे पंच जमतात, आणि "चांगल्या पोराचं पोट फाडलं" हे वाक्य एकदा कुणीतरी उच्चारलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

सर्जनच्या जागी उभं राहून बघा. समोर सहा वर्षांची मुलगी, १०३ ताप, उलट्या, पोट कडक, सोनोग्राफीत पाणी, अपेंडिक्स नीट दिसत नाही. अशा शंभर मुलांत बहुतेकांचं अपेंडिक्स फुटलेलं निघतं. प्रायमरी समजून नुसती औषधं देत बसलं आणि अपेंडिक्स फुटलेलं असलं, तर तासागणिक पोर खालावतं. उलट अपेंडिक्स समजून दुर्बीण घातली आणि प्रायमरी निघाला, तर पोटावर दोन-तीन बारीक टाके पडतात, पू धुऊन निघतो आणि जंतू तपासायला नमुना मिळतो. या दोन चुकांत दुसरी परवडते. म्हणूनच धडधाकट मुलांमधलं हे निदान जगभर बहुतेकदा ऑपरेशन टेबलावरच होतं. पोट बघितलं आणि त्यात काही सापडलं नाही, यालाच प्रायमरी म्हणतात.

अपेंडिक्स वरून थोडं लाल दिसतं, कारण ते पुवात बुडालेलं असतं. आतून ते चांगलं असतं, हे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर कळतं. चांगलं असूनही काही सर्जन ते काढून टाकतात, म्हणजे पुढे कधी पोट दुखलं तर अपेंडिक्सचा गोंधळ राहत नाही. काही सर्जन ठेवतात. दोन्हीला आधार आहे. फक्त काढलं की ठेवलं हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

डॉक्टरांना विचारायचा हक्क तुमचा आहेच. पण "का फाडलं?" याऐवजी "आत काय दिसलं? पू कुठे होता? आतडं सगळं बघितलं का? नमुना कल्चरला गेला का?" असं विचारलं तर उत्तरं मिळतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा व्हिडिओ किंवा फोटो असतील तर तेही मागता येतात.

ऑपरेशनशिवाय बरा होत नाही का?

होतो. हा आजार मुळात औषधांनीच बरा होतो. सुईने काढलेल्या पाण्यातून निदान पक्कं झालं आणि पोर सावरत असलं, तर पोट उघडायची गरज नसते. शिरेतून सेफोटॅक्झिम किंवा सेफ्ट्रियाक्सोन सुरू करतात. आतडं फुटल्याची शंका मिटेपर्यंत मेट्रोनिडाझोलसारखं औषधही जोडतात. सलाईन चालू असतं, पोट फुगलं असेल तर नाकातून नळी. कल्चरचा रिपोर्ट आल्यावर औषध बदलू शकतं. एकूण उपचार साधारण १० ते १४ दिवसांचा. ४८ तासांत ताप उतरणीला लागला नाही, तर डॉक्टर पुन्हा विचार करतात: कुठे पुवाची गाठ राहिली का, की हे मुळात प्रायमरी नव्हतंच?

ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस निघाला तर जास्त सावध राहावं लागतं. हा जंतू विष सोडतो, रक्तदाब झपाट्याने कोसळू शकतो. अशा वेळी क्लिंडामायसिन जोडतात, पोराला आयसीयूत ठेवतात.

खायला कधी? आतड्याची हालचाल सुरू झाली, गॅस गेला, की पाणी, मग पेज, मग मऊ भात किंवा नाचणीची आंबील. घरून चिकनचा रस्सा आणायची घाई नको.

कल्चर निगेटिव्ह आलं. मग आजार होता की नव्हता?

होता. आधी अँटिबायोटिक पोटात गेलेलं असलं की असं पुष्कळदा होतं. पेशी वाढलेल्या असतील तर उपचार पूर्ण करायचाच.

पुन्हा होईल का?

धडधाकट मुलाला सहसा नाही. दुसऱ्यांदा झालाच, तर तो योगायोग धरू नये. प्लीहा नीट आहे का, प्रतिकारशक्तीत काही उणीव आहे का, मूत्रपिंड आणि लिव्हर कसे आहेत, हे तपासून घ्यावं. एकदाच झाला असला तरी घरी गेल्यावर महिन्याभराने लघवीतली प्रथिनं परत तपासलेली बरी. सकाळी पोराच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या तर महिनाही थांबू नका.

मुलीला पुढे मूल होण्यात अडचण येईल का?

वेळेवर उपचार झालेल्या बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात. पू जास्त दिवस राहिला तर आत चिकटपणा उरू शकतो, क्वचित त्याने पुढे आतडं अडकतं किंवा बीजनलिकेला त्रास होतो. नातेवाइकांना सांगत सुटायची गरज नाही, पण कागद मुलीसाठी जपून ठेवा.

घरातल्या दुसऱ्या मुलांना लागेल?

पेरिटोनायटिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घशाचा स्ट्रेप्टोकोकस लागू शकतो, म्हणून भावंडाचा घसा दुखत असेल तर दाखवा.

लस आहे का?

न्यूमोकोकसवर आहे, पीसीव्ही. सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून काही राज्यांत आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात, आरोग्य केंद्रात फुकट. म्हणजे २०२१ च्या आधी आपल्याकडे जन्मलेल्या मुलांपैकी ज्यांना आईबापांनी खासगीत पैसे भरून दिली, बहुतेक तेवढ्यांनाच ही लस मिळालेली आहे. पाच वर्षांवरच्या निरोगी मुलाला आता ती द्यायलाच हवी असं नाही. नेफ्रोटिक असलेल्या किंवा प्लीहा काढलेल्या मुलाला मात्र वय बघू नका, डॉक्टरांना विचारून द्या. आणि लस घेतली म्हणजे आजार होणारच नाही असंही नाही: तिच्यात न्यूमोकोकसचे ठरावीक प्रकार आहेत, स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलायवर तिचा उपयोग नाही.

खर्चाचं काय? कार्ड कुठलं चालतं?

कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशन कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असेल तर ठरलेल्या दराचा ३० टक्के भाग सरकार देतं. एरवी खासगीत जाण्यासाठी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, तातडीच्या आजारांना त्यातून सूट आहे. आधार आणि रेशन कार्ड घेऊनच निघा, नसेल तर फोनमध्ये फोटो ठेवा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन सरकारांत वाजलंही. कोल्हापूर-मिरजेला जात असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गावाचं नाव सांगून आधी विचारा. पोर दारात ठेवून कार्डाची वाट बघायची नाही, उपचार सुरू करून कागद मागून आणता येतात.

कागद कन्नडात किंवा इंग्रजीत असतात. सही करायच्या आधी काय बघावं?

सहीच्या आधी वाचून दाखवा म्हणा. मराठी बोलणारी एखादी सिस्टर किंवा आया बेळगावात बहुतेक वॉर्डांत सापडतेच. तीन गोष्टी कळायला हव्यात: कशाचा संशय आहे, दुर्बिणीने करणार की पोट उघडून, आणि अपेंडिक्स चांगलं निघालं तर काढणार की ठेवणार. हा तिसरा प्रश्न आधीच विचारला असेल तर नंतरचं निम्मं भांडण होत नाही.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, कल्चर रिपोर्ट आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट या चारांच्या प्रती घ्या. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आठवड्याने येतो आणि तोच न्यायला कुणी परत जात नाही. टाके दाखवायला जाल त्या दिवशी लॅबच्या खिडकीवरून तो घेऊन या.